गालावरचा फोड आणि बिकानेरच्या भिंती

माझ्या डाव्या गालावर, कानाच्या थोडं खाली, दोनेक सेंटिमीटरचा खोलगट व्रण आहे आणि तसाच एक छोटा मनगटाच्या आतल्या बाजूला. भाजलं का, कुत्रं चावलं का, असं लोक विचारतात आणि मी प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगत बसते, म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढतेय. आजाराचं नाव क्युटेनिअस लीशमॅनिअसिस, सँडफ्लाय नावाच्या बारीक माशीच्या चाव्यातून कातडीत शिरणाऱ्या परजीवीमुळे, म्हणजे आपल्या शरीरात राहून वाढणाऱ्या सूक्ष्म जिवामुळे, होणारा. आमच्या बडोद्यात हा आजार कुणाच्या ऐकण्यात नाही आणि माझ्या बाबतीत नेमकं तेच नडलं.

मी जुन्या भित्तिचित्रांच्या जतनाचं काम करते, शिकले इथेच, एम. एस. युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्सला. मागच्या खेपेला काम होतं बिकानेरच्या जुन्या शहरात, तिथल्या हवेल्यांमधल्या चित्रांचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे भिंत न् भिंत मोजायची, फोटो काढायचे, कुठे रंग उडालाय, कुठे ओल आलीय, कुठे तडा गेलाय त्याचा नकाशा करायचा. उन्हाळा संपत आला तेव्हा गेलो आणि भाद्रपदापर्यंत तिथेच होतो. राहायला हॉटेल परवडणारं नव्हतं म्हणून त्याच गल्लीत एका बाईंकडे खोली घेतली होती, सगळे त्यांना बाईसा म्हणायचे, आम्हीही तेच म्हणायला लागलो. घर जुनं, चुन्याचा गिलावा ठिकठिकाणी सुटलेला, न्हाणीघराच्या कोपऱ्यात कायम ओल, मागे दोन गाई. खोलीत इतकं उकडायचं की रात्री सगळे अंगणात खाटा टाकून झोपायचे, मी पण. डासांसाठी मच्छरदाणी होती तरी सकाळी हातावर बारीक बारीक लाल ठिपके असायचे, आणि गंमत म्हणजे रात्री कानाशी गुणगुण अशी कधी ऐकूच यायची नाही.

ती माशी मी पाहिलेली आहे, फक्त ती काय आहे हे तेव्हा माहीत नव्हतं. तडे टिपताना मॅक्रो लेन्स आणि तिरपा लाईट लावतो आम्ही, त्या उजेडात न्हाणीघराजवळच्या भिंतीवर, सुटलेल्या गिलाव्याच्या कडेला, पिवळट करड्या रंगाचं केसाळ काहीतरी बसलेलं दिसायचं. डासाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. पंख अंगाला चिकटलेले नाहीत, वर उभे धरलेले, इंग्रजी व्ही अक्षरासारखे. बोट जवळ नेलं की सरळ उडून जायचं नाही, टुणकन उडी मारून वीतभर पलीकडे बसायचं. मी त्याचे फोटो काढले होते आणि ते अजून हार्ड डिस्कवर आहेत. ही सँडफ्लाय. नाव वाळूचं असलं तरी तिला लागते ती ओल, अंधार, भेगा, उंदरांची बिळं, शेणामातीचा कुजका कचरा. चावते फक्त मादी, संध्याकाळ झाल्यापासून रात्रभर, आणि आवाज अजिबात करत नाही. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून ती आरामात आत येते, हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. दिवसभर मी ज्या भेगांचा नकाशा करत होते त्यातच तिचं बस्तान होतं.

बडोद्याला परत आले ती नवरात्राच्या तोंडावर. पहिल्या दोन-तीन रात्री गरब्याला गेले तेव्हा गालावर एक पुळी होती, घाम आणि मेकअपमुळे आली असेल असं घरात सगळ्यांचं मत पडलं. दुखत नव्हती, खाजत नव्हती, फक्त जात नव्हती. दिवाळीपर्यंत ती चांगली टणक, लालसर-जांभळी गाठ झाली, मग मधोमध फुटली, कडा उचललेल्या आणि मध्ये खड्डा, त्यावर पातेल्याच्या बुडाला लागलेल्या खरवडीसारखी घट्ट खपली. खपली निघाली की खाली ओलं, दोन दिवसांत परत तशीच खपली. आणि एवढं असून दुखणं शून्य. इतका मोठा फोड आणि दुखत नाही ही गोष्ट खरं तर कुठल्याही डॉक्टरच्या डोक्यात घंटा वाजवायला हवी होती असं मला आज वाटतं.

आमच्या भागातल्या एका दवाखान्यात आधी अँटिबायोटिकचा कोर्स झाला, मग दुसऱ्या अँटिबायोटिकचा, वर लावायला मलम. फरक पडेना म्हणून तिथेच स्टिरॉइड असलेली क्रीम दिली, त्यानं लाली चार दिवस कमी दिसली आणि मग फोड आणखी पसरला. तोवर मनगटावर दुसरा सुरू झाला होता. दुसऱ्या एका क्लिनिकमध्ये सांगितलं की ही त्वचेची टीबी दिसतेय, एकेटी सुरू करू, म्हणजे टीबीच्या गोळ्या महिनोन् महिने. ना धड तपासणी ना काही. आई ते ऐकून रस्त्यातच रडायला लागली. टीबी, कुष्ठरोग, बुरशी, काही प्रकारचे कॅन्सरसुद्धा असेच दिसू शकतात हे मला आता कळतंय, त्यामुळे शंका येणं चुकीचं नव्हतं, पण शंकेवर औषध सुरू करायला निघणं मला पटलं नाही आणि आजही पटत नाही. एवढ्या सगळ्यात एकानंही विचारलं नाही की तू मधे कुठे गेली होतीस.

घरातली परिस्थिती अवघड होती. आम्ही दांडिया बाजारात जुन्या घरात एकत्र राहतो, आजी, आईबाबा, काका-काकू, चुलत भाऊ आणि त्याची लहान मुलगी. आजीनं हळद-चंदन उगाळून ठेवलं, नको म्हटलं तर ती रुसली. काकूनं काही न बोलता माझा टॉवेल वेगळा केला, मग ताट-वाटी वेगळी झाली, मग छोटी माझ्या खोलीत येईनाशी झाली. मी काकूवर रागावले नव्हते, तिच्या घरात लहान मूल आहे आणि आजाराचं नावच कुणाला माहीत नाही म्हटल्यावर तिनं काय करायचं? पण उत्तरायणला गच्चीवर सगळी गल्ली जमलेली, समोरच्या बेन मोठ्यानं म्हणाल्या, ‘अरे बेटा, आ शुं थयुं गाल पर?’ आणि पतंग सोडून सगळ्यांनी वळून पाहिलं, तेव्हा मी खाली निघून आले. तोंडावरची गोष्ट लपवता येत नाही.

मग बाबांच्या ऑफिसमधल्या एका काकांनी स्किनच्या एका ज्येष्ठ मॅडमचं नाव सुचवलं. मराठीच होत्या. त्यांनी भिंग लावून फोड बघितला, कडा बोटानं दाबून पाहिली, मनगट बघितलं, आणि प्रिस्क्रिप्शनचा कागद पुढेसुद्धा ओढला नाही. म्हणाल्या, ‘अगं, गेल्या वर्षभरात बडोद्याबाहेर कुठे राहिलीस का तू?’ मी म्हटलं, बिकानेरला होते. त्यांनी खुर्ची पुढे घेतली. ‘रात्री कुठे झोपायचीस? घर पक्कं होतं की जुनं? अंगणात जनावरं होती?’ मी उत्तरं देत गेले आणि त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांचं निदान जवळजवळ झालंय, तरी म्हणाल्या की स्लाइडवर दिसल्याशिवाय मी नाव घेणार नाही. मला त्या क्षणी इतकं हायसं वाटलं, फोड बरा होण्याआधीच. कुणीतरी फोडासोबत मलाही विचारत होतं.

तपासणी कशी होते ते नीट सांगते कारण नुसतं ऐकून भीती वाटते. फोडाची कड दोन बोटांच्या चिमटीत घट्ट धरतात, तिथलं रक्त सरकून कातडी पांढरी पडेपर्यंत, मग ब्लेडनं अगदी बारीक चीर देतात आणि पात्यानं आतला रस खरवडून काचेवर पसरवतात. मधल्या खड्ड्यातून घेत नाहीत, तिथे मेलेल्या पेशी आणि इतर जंतूच जास्त सापडतात, परजीवी असतो तो कडेच्या जिवंत भागात. एक क्षण चरचरतं, बस. सोबत एक छोटा तुकडा बायोप्सीला आणि थोडं पीसीआरला बाहेर पाठवलं. पहिल्या स्लाइडवर काही मिळालं नाही. मॅडम म्हणाल्या असं होतं, फोड जितका जुना तितके परजीवी कमी सापडतात, आणि त्यांनी दुसऱ्या कडेवरून परत घेतलं.

दुसऱ्या स्लाइडवर सापडलं आणि त्यांनी मला लॅबमध्ये बोलावून मायक्रोस्कोपमधून दाखवलं. गिम्सा नावाचा रंग दिलेला, निळ्या-जांभळ्या पसाऱ्यात एक मोठी पेशी, आपल्याच शरीराची, जंतू गिळून टाकणं हेच जिचं काम, आणि तिच्या पोटात चिमुकले लांबट-गोल दाणे, दोन ते चार मायक्रॉनचे. प्रत्येक दाण्यात दोन ठिपके, एक मोठा गोल आणि त्याच्या शेजारी एक छोटी काडी. ती काडी दिसली की ओळख पक्की. जिला यांना मारायचं होतं तिच्याच आत हे वाढत होते. यांना एलडी बॉडीज म्हणतात, १९०३ मध्ये लीशमन आणि मद्रासमध्ये डोनोव्हन यांनी काळाआजार या जवळच्याच आजाराच्या रुग्णांमध्ये हे पाहिले म्हणून, आणि त्याच्याही आधी १८८५ मध्ये कनिंगहॅम यांनी दिल्लीत होणाऱ्या अशाच फोडात पाहून ठेवले होते. म्हणजे आपल्याच देशात शंभरहून जास्त वर्षांपूर्वी नोंदलेली गोष्ट, आणि माझ्या गालावर ती ओळखायला एवढे महिने गेले.

निदान पक्कं झालं, क्युटेनिअस लीशमॅनिअसिस. पीसीआरमध्ये परजीवीची जात निघाली लीशमॅनिया ट्रॉपिका, बिकानेरच्या भागात आढळते तीच. माशी एखाद्या रुग्णाच्या फोडाजवळ चावते, परजीवी तिच्या पोटात वाढतो, आणि पुढे ती दुसऱ्याला चावली की त्याच्या कातडीत उतरतो. चावल्यावर फोड यायला काही आठवडे ते कित्येक महिने लागतात, तोवर माणूस तिथून निघून घरी आलेला असतो. मॅडमनी आईला आणि मुद्दाम बोलावून काकूलाही समोर बसवून सांगितलं की हे हात लावल्यानं, एका ताटात जेवल्यानं, टॉवेलनं पसरत नाही, मधे ती माशी लागतेच, तुम्ही फक्त फोड झाकलेला ठेवा आणि हिला जाळीत झोपवा. घरी आल्यावर काकूनं माझं ताट परत सगळ्यांच्या ताटांत ठेवलं आणि छोटीला माझ्या मांडीवर आणून बसवलं. त्यावर कुणी काही बोललं नाही.

आईच्या मनात वेगळीच भीती होती. सँडफ्लाय हा शब्द तिनं २०२४ च्या पावसाळ्यात टीव्हीवर ऐकला होता, साबरकांठापासून सुरू होऊन गुजरातभर चांदीपुरा व्हायरसच्या केसेस झाल्या होत्या, लहान मुलं एक-दोन दिवसांत दगावत होती, कच्च्या घरांमध्ये मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची पावडर मारत होते. पूर्व गुजरातच्या जिल्ह्यांत २००४ मध्येही ती साथ येऊन गेली होती. तिला वाटलं हा तोच प्रकार, आता मेंदूत जाणार. तो व्हायरस वेगळा, १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांत सापडलेला, आणि हा परजीवी वेगळा, कातडीतच राहणारा. बिहारकडचा काळाआजारही सँडफ्लायमुळेच होतो पण तो प्लीहा, यकृतात जातो आणि उपचार नाही झाले तर जीव घेतो. माशांचं कुळ एक, पण पोटात वाहून नेलेलं सामान निरनिराळं, हे तिला पटवायला मॅडमना बराच वेळ द्यावा लागला आणि त्यांनी तो दिला.

मी मग रात्ररात्र वाचत बसले. जगात दरवर्षी सहा ते दहा लाख लोकांना हा कातडीचा प्रकार होतो असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे आणि नोंद होते त्यातल्या थोड्यांचीच. सीरियात २०११ नंतर युद्धात घरं पडली, कचरा उचलायला कुणी उरलं नाही, ढिगाऱ्यांत माशा वाढल्या, माणसं जीव घेऊन लेबनॉन, तुर्कस्तानात गेली आणि फोड त्यांच्यासोबत गेले. काबूलमध्येही तसंच, तिथे तोंडावर व्रण असलेल्या बायकांची लग्नं अडतात, आयांना मुलांना जवळ घेऊ देत नाहीत असं वाचलं तेव्हा मी लॅपटॉप मिटला. पूर्वी मध्यपूर्वेत काही ठिकाणी आया तान्ह्या मुलांचं ढुंगण मुद्दाम माशांना चावू द्यायच्या, कारण एकदा होऊन गेला की सहसा परत होत नाही आणि तोंड वाचतं. हे वाचून अडाणीपणा म्हणावंसं मला अजिबात वाटलं नाही, आपल्या लेकराचा चेहरा वाचवायला त्यांच्या हातात तेवढंच होतं.

आपल्याकडेही राजस्थानपुरतं राहिलेलं नाही. हिमाचलमध्ये सतलजच्या खोऱ्यात केसेस आहेत, केरळात पश्चिम घाटातल्या आदिवासी वस्त्यांमध्ये आहेत. ऊबदार काळ लांबला, कोरड्या भागात पाणी आणि वस्ती पोचली, की या माश्यांना नवीन जागा मिळतात, आणि माणसं तर कामासाठी सगळीकडे फिरतातच, सोलर प्लांटवर, रस्त्याच्या कामावर, फौजेत. बडोद्यातून राजस्थानात साइटवर जाणारे कितीतरी इंजिनिअर, वेल्डर मला माहीत आहेत. यातल्या एखाद्याला फोड आला तर तो माझ्यासारखाच इथल्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाणार.

उपचाराचं सांगते. पर्याय बरेच होते. मिल्टेफोसीन नावाची गोळी असते, ती गर्भाला घातक म्हणून बायकांना खूप जपून द्यावी लागते, पोटाचाही त्रास होतो. यंत्रानं फोड ५० डिग्रीला ३० सेकंद शेकायची पद्धत आहे, बिकानेरच्या डॉक्टरांनी ती वापरलेली आहे, हा परजीवी उष्णता सहन करू शकत नाही. तसं मशीन आमच्याकडे मिळेना, म्हणून ठरलं सोडियम स्टिबोग्लुकोनेट, अँटिमनीचं जुनं औषध, सरळ फोडातच टोचायचं. ते मिळवताना बाबांची दमछाक झाली, बडोद्यात एकाही केमिस्टकडे नव्हतं, काहींनी तर नाव परत परत लिहून मागितलं, शेवटी बाहेरून मागवलं. सुरू करण्याआधी ईसीजी आणि लिव्हर-किडनीच्या टेस्ट केल्या.

ते इंजेक्शन मात्र दुखतं, यात मी काही कमी करून सांगणार नाही. सुई कडेतून आत घालतात आणि चारी बाजूंनी थोडं थोडं औषध भरत जातात, फोडाची पूर्ण कड पांढरीफटक होईपर्यंत. गालाची कातडी पातळ आणि आत जागाच नाही, त्यामुळे औषध शिरताना आग होते, डोळ्यातून आपोआप पाणी येतं आणि दाढेपर्यंत कळ जाते. मनगटाचं त्यामानानं सोपं गेलं. दर थोड्या दिवसांनी परत तेच. प्रत्येक वेळी आई माझा पाय धरून बसायची, हात मी तिला धरू दिला नाही कारण मी तो आवळला असता. पहिल्या काही वेळांनंतर गाल सुजला आणि फोड उलट मोठा वाटायला लागला, मी घाबरून फोन केला, मॅडम म्हणाल्या, ‘होऊ दे, कड किती टणक आहे ते बोटानं बघ रोज, आकार नको बघू.’ आणि खरंच, कड हळूहळू मऊ पडली, मग सपाट झाली, मग एक दिवस खपली पडली ती परत धरलीच नाही. खाली गुलाबी कातडी होती.

निदान झालं त्याच आठवड्यात मी बाईसांना फोन केला होता. त्या म्हणाल्या, ‘अरे ये तो यहाँ होता रहता है, साल भर में सूख जाता है.’ त्यांच्या नातीच्या नाकावर तसंच काहीतरी होतं, मी असतानाही होतं, तेव्हा त्यावर राख लावायचे आणि मला वाटायचं खरचटलंय. वर्षभरात सुकतो हे खोटं नाही, ट्रॉपिकाचा फोड बहुतेक वेळा आपोआप बरा होतो, पण जाताना खड्डा ठेवून जातो, आणि तोवर त्या फोडावरून माशी रोज परजीवी उचलून शेजारच्या घरात नेते. मी त्यांना हे जमेल तसं हिंदीत सांगितलं, पटलं नाही त्यांना. मग मी माझ्या गालाचा फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी त्या नातीला घेऊन सरदार पटेल मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये गेल्या, तिथल्या डॉक्टरांना हा आजार रोजचा, त्यांनी बघताक्षणी ओळखला आणि उपचारही लगेच सुरू झाले. पोरीच्या नाकावर आता अगदी फिकट खूण आहे, माझ्यापेक्षा कितीतरी कमी, तिचा फोटो आला तेव्हा आमच्या घरात आजीसकट सगळ्यांनी पाहिला.

माझी तपासणी अजून चालू आहे. ट्रॉपिकाचा फोड कधी कधी बऱ्या झालेल्या व्रणाच्या कडेनं परत बारीक गाठींनी उठतो, म्हणून कड बघत राहायची, उन्हात सनस्क्रीन लावायचं. व्रण भरायचे उपाय आहेत पण मॅडम म्हणतात वर्षभर तरी थांब.

प्रोजेक्टच्या टीमला मी सगळं लिहून पाठवलं आणि दोन गोष्टी मान्य करून घेतल्या. एक, राहायची जागा वरच्या मजल्यावर आणि पंखा असलेली, ही माशी उडायला कमजोर असते, जमिनीलगत राहते आणि वाऱ्यापुढे टिकत नाही. दुसरी, ज्या घरात उतरू तिथल्या न्हाणीघराच्या आणि गोठ्याच्या भिंतींचे तडे आधी चुन्यानं बुजवायचे, त्याचा खर्च प्रोजेक्टनं करायचा. चुना आम्ही तसाही गाडीभर मागवतो. प्रत्येकासाठी बारीक विणीची, औषध लावलेली जाळी घेतलीय, संध्याकाळी पूर्ण बाह्या आणि उघड्या अंगाला डीट हे कीटक दूर ठेवणारं औषध असलेलं क्रीम. पुढचा टप्पा डिसेंबरात आहे, थंडीत या माश्या फारशा नसतात. बाईसांकडे सामान आधीच गेलंय, त्यांच्या मागच्या भिंतीपासून सुरुवात करायची आहे.